नारळ बाहेर फोडा

वडिलांच्या उजव्या हातावर एका मशीनने पाच महिने मेहनत घेतली आणि एका नारळाने ती अर्ध्या मिनिटात संपवली. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता त्याचाही मला राग येतो. नारळ आपोआप फुटत नाही. तिथे माणसं उभी होती, आणि त्यांत मी होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी लकवा आला. उजवा हात गेला, पाय ओढू लागला, शब्द जड झाले. बुद्धी जागच्या जागी होती; पण जड बोलणाऱ्या माणसाला लोक लहान मूल समजतात. आई त्यांना भरवायची. पाण्याचा ग्लास आपल्या हाताने तोंडाशी नेता यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाचमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तेव्हा परदेशातल्या कुणा देणगीदाराने ते मशीन दिलं होतं. आठवड्यातून तीनदा मी त्यांना खरवईच्या घरून रिक्षाने न्यायची. मशीनच्या लोखंडी बाहूला त्यांचा हात पट्ट्यांनी बांधत. समोरच्या पडद्यावर स्वयंपाकघर दिसे, फळीवर ग्लास. दादांचा हात हलला की पडद्यावरचा हात हलायचा. बळ कमी पडलं की मशीन हात उचलून धरायचं, बळ वाढलं की तेवढा आधार काढून घ्यायचं. दादांना हे फार पटलं. नव्या कामगाराला असंच शिकवायचं असतं, म्हणाले. फिजिओथेरपीच्या मॅडम सिंधी होत्या. त्या म्हणायच्या, "काका, मशीन थक गया, तुम्ही नाही थकले."

भाद्रपद संपता संपता घरचा पाव भरलेला ग्लास त्यांच्या छातीपर्यंत येऊ लागला. आईने आधाराला हात पुढे केला की ते रागाने बघायचे.

मग खंडेनवमी आली. मशीनला झेंडूचा हार घातला होता, पडद्यावर कुंकवाची बोटं होती. ट्रस्टचे सेक्रेटरी नारळ घेऊन उभे होते, आणि नारळ आपटायला त्यांनी मशीनचा लोखंडी पायाच निवडला होता. आम्ही बौद्ध. घरात पूजा नव्हती, पण कारखान्यातल्या पूजेला दादा दरवर्षी उभे राहायचे आणि दरवर्षी नारळ शेडच्या बाहेर फोडायला लावायचे. नारळपाण्याने लेथ गंजतो, हे त्यांनी तीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या दिवशीही त्यांनी सांगितलं. जड, पण स्वच्छ.

"नारळ बाहेर फोडा."

सेक्रेटरींनी ऐकलं. हसून दादांच्या खांद्यावर थोपटलं. "काका, शुभ कामात असं बोलू नये." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "यांच्यात पूजा नसते ना." दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. वाट बघत बसल्या बसल्या मशीनचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. द्रव पदार्थ दूर ठेवा, असं त्यात पहिल्याच पानावर होतं. पण मी बोलले असते तर तो मशीनचा प्रश्न राहिला नसता, पूजेचा झाला असता. मला ते नको होतं.

"दादा, राहू द्या," मी म्हणाले.

नारळ फुटला. पाणी मशीनच्या सांध्यात उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी दादांच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा भरवला.

दोन दिवसांनी बाहू मध्येच अडकला. तपासायला आलेल्या माणसाने सांगितलं, आतला भाग बाहेरून मागवावा लागेल. तो भाग आला नाही. मॅडम रबरी चेंडू देऊन हातावर मेहनत घेत राहिल्या, मग त्यांनी ती नोकरी सोडली. ग्लास छातीवरून खाली आला, मग टेबलावरच राहू लागला. आई पुन्हा भरवू लागली. आता ते रागाने बघत नव्हते, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला रक्तदाब तपासायला गेलो. मशीन प्लॅस्टिकच्या खोळीत उभं होतं. खोळीवर ताजा हार होता. बंद पडलेल्या मशीनलासुद्धा त्यांनी पूजेतून वगळलं नव्हतं. दादा पाय ओढत तिथवर गेले, डाव्या हाताने हार काढला आणि माझ्या हातात दिला.

"तू तरी बोलायचंस," ते म्हणाले.

सेक्रेटरी समोरच्या खोलीत होते. दार उघडं होतं. मी हार घेऊन दारापर्यंत गेले. ते फोनवर होते. मला त्यांनी हाताने थांबायची खूण केली, आणि मी थांबले. फोन लांबला. दादांना उभं राहवत नव्हतं. मी हार बाकावर ठेवला आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.

त्या थंडीत ते गेले. शेवटचं पाणी मीच चमच्याने पाजलं.