पोचवलेला हिरवा

माझी नात आठ वर्षांची आहे. यंदा चवथीच्या चार दिवस आधी ती माझ्या लेकीबरोबर बेळगावहून आली, हातपायसुद्धा न धुता माळ्यावर चढली आणि पत्र्याची जुनी ट्रंक उघडून बसली. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात वीतभर उंचीचा प्लास्टिकचा गडी होता. अंग तांबूस, चड्डी लालभडक, बूट हळदीसारखे पिवळे, छातीवर निळा पट्टा. दंड तर असे फुगलेले की बिचाऱ्याला हात खाली सोडता येत नाहीत.

सोप्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. “आजी, हा कुणाचा?”

“तुझ्या आईचा.”

“आईचा? असले मुलग्यांचे असतात.”

“तुझी आई लहानपणी मुलगाच होती. शाळेत घातल्यावर मुलगी झाली.”

एक क्षण तिला ते खरं वाटलं. या वयात मला दुसरी कसली हौस उरलेली नाही, तेवढा एक क्षण मिळाला की पुरे.

“खोटारडी! बरं, याचे रंग असे का? आमच्याकडचे असतात ना, ते काळे, करडे असतात. खरे वाटतात. हा बघ, नुसता झगमगतोय.”

आत स्वयंपाकघरात माझी लेक नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करत होती. मान वर न करता म्हणाली, “विचार, विचार. आजीला रंगातलं सगळं कळतं. आणि याचा जोडीदार कुठं गेला तेपण विचार. हिरवा होता. माकडानं नेला म्हणे.”

चाळीस वर्षांनी त्या वाक्याला ‘म्हणे’ लागला होता. मी पदरानं चष्मा पुसायला घेतला.

कारण हिरव्याला माकडानं नेलेलं नव्हतं. मला पक्कं ठाऊक आहे. ते माकड मीच.

मी नातीला म्हटलं, आधी रंगांचं ऐक. रंगांविषयी सांगायला मला आवडतं, आणि त्यात एक सोयही आहे, ते संपेपर्यंत दुसरं काही सांगावं लागत नाही.

माझं माहेर दिवचल तालुक्यात, मयेच्या बाजूला. बाबांची गणपतीची चित्रशाळा होती. श्रावण लागला की आमच्या घरात माणसांना बसायला जागा नसे, सगळीकडे गणपती बसलेले. मी सहा वर्षांची असल्यापासून बाबांना रंग कालवून द्यायची. त्यामुळे जगातले सगळे रंग मलाच विचारून लावलेले असावेत अशी माझी समजूत झाली होती. लग्न होऊन पेडण्यात, चोपड्याला आले तीही हीच समजूत बरोबर घेऊन. सासरच्या भिंतीचा निळा मला पटला नाही, सासूबाईंच्या लुगड्याचा जांभळा पटला नाही. पहिल्या महिन्यात मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. आज ती सून माझ्या घरात आली असती तर तिला मी दुसऱ्याच दिवशी माहेरी नेऊन घातली असती.

माझे दीर तारवटी होते. बोटीवर नऊ महिने आणि घरी तीन. माझी लेक पाच वर्षांची असताना त्यांनी तिच्यासाठी परदेशातून दोन गडी आणले. एक हा, लाल चड्डीचा. दुसरा हिरवा. म्हणजे अंगच हिरवं, नखशिखान्त, आणि चड्डी जांभळी, पट्टा नारिंगी. लेक खूश. ती शहाणी, म्हणजे मी, नाखूश. एक तर मुलीला बाहुली आणायची सोडून हे आडदांड कशाला? आणि दुसरं, माणूस कधी हिरवा असतो का?

“भावजी, दुकानदारानं फसवलं तुम्हांला. रंग चुकलाय याचा,” मी म्हटलं.

दीर हसले. “वयनी, बोटीवर आमचं जाकीट नारिंगी असतं. का ठाऊक आहे? दर्यात माणूस पडला तर लांबून दिसायला हवा. हेही तसंच. पोर कुठंही टाकणार, गवतात, वाळूत. सापडायला नको?”

“हिरवा गवतात सापडेल?”

“म्हणून तर चड्डी जांभळी.”

उत्तर चोख होतं, म्हणून मला ते आवडलं नाही. मी त्या हिरव्याचं ढोपर विळीच्या टोकानं खरवडून पाहिलं. वाटलं, वरचा रंग जाईल आणि आतून माणूस निघेल. आतूनही हिरवाच. म्हणजे रंग लावलेलाच नव्हता, हिरव्या प्लास्टिकचेच हातपाय ओतलेले. कुंचला लागला होता तो फक्त पट्ट्याला आणि दातांना. चितारी बापाच्या मुलीला हे तेव्हाच उमगायला हवं होतं, की जिथं हजारोंनी गडी काढायचे तिथं एकेकाचे गाल रंगवत कोण बसणार? ओतताना एकच सणसणीत रंग घालायचा, काम झालं. मी मात्र नाक मुरडून ‘कामचुकार लोक’ असा निकाल दिला.

“आणि दुष्ट कोण, चांगला कोण, ते रंगावरून कळतं,” नात मध्येच म्हणाली.

“कसं कळलं तुला?”

“हिरवा आणि जांभळा म्हणजे दुष्टच. कुणालाही कळेल.”

कुणालाही. आमच्याकडे जत्रेत दशावतार बघायला लोक अगदी मागे, काजूच्या झाडाखाली बसतात. तिथून नाकडोळे दिसत नाहीत. पण राक्षस आला की मागच्या रांगेतलं तान्हंसुद्धा रडायला लागतं, कारण त्याचा रंग आधी येतो आणि राक्षस मागून. बाबाही तेच सांगायचे. “बाय, मूर्ती हातात घेऊन कोण बघतं? लोक दारातून बघतात. समईच्या उजेडात, धुरातून. दारातल्या माणसापर्यंत गेला पाहिजे तो रंग.” हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. दोन कानांनी ऐकत होते, डोकं मात्र तिसरीकडे असावं.

“मग हिरव्याचं काय झालं?” नातीनं विचारलं.

आत कातण नेवरीच्या कडेवरून करकर फिरत होतं. रंग संपले होते. मी सांगून टाकलं.

त्या वर्षी श्रावणात मी लेकीला घेऊन बाबांना मदत करायला माहेरी गेले. दोन्ही गडी बरोबर होते, हिरव्याला उशाशी घेतल्याशिवाय ती झोपायची नाही. मला ते बघवेना. पोर हिरव्या अंगाच्या माणसाला मिठी मारून झोपते, हे काय! एका दुपारी ती झोपली, बाबाही जेवून लवंडले. मी हिरव्याला तिच्या बगलेतून हळूच काढलं आणि चित्रशाळेत नेलं. गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग तयारच होता. तो दोन हात लावला. जांभळ्या चड्डीचं पिवळं पीतांबर केलं, कडेला सोनेरी काठ काढला. पट्टा होता तिथं शेला. आणि मग, हात सुरूच होता म्हणून, बारीक कुंचला घेऊन डोळ्यांची आखणीही केली. झकास, लांब, प्रेमळ डोळे. दात विचकलेलेच होते, त्यांना मी काय करणार? वाळत ठेवला गणपतींच्या रांगेत.

बाबा उठले, रांगेवरून नजर फिरवली आणि थबकले.

“हा कोण?”

“तो हिरवा. बघा, कसा माणसात आला.”

बाबांनी त्याला उचललं नाही. हात मागे बांधून वाकून पाहिलं. “डोळे काढलेस?”

“हो.”

“आखणी करून?”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या चित्रशाळेत डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. तोवर माती असते, उलटी करा, आडवी ठेवा, हात मोडला तर नवा लावा. एकदा डोळे आखले की ती माती राहत नाही. तिला जमिनीवर टेकवायचं नाही, पाटावर ठेवायचं. आणि मी गणपतीच्याच रंगानं, गणपतीच्याच कुंचल्यानं, गणपतींच्या ओळीत बसवून एका राक्षसाचे डोळे उघडले होते.

“आता हा पोरीला कसा देणार?” बाबा म्हणाले. “ती याला आपटणार, लाथ मारणार.” आणि मग त्यांना हसू आलं, ते आवरेना. मला मात्र रडू येत होतं. तेवढ्यात लेक उठली आणि “माझा हिरवा?” म्हणत बाहेर आली. फणसावर माकडं होती. मी बोट दाखवलं.

चोपड्याला परतताना तो माझ्या पिशवीत होता, साडीत गुंडाळलेला. चवथीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी पिशवी उपसली.

“अगो, ह्यो कोण?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी त्याला उजेडात धरून डोळे नीट बघितले. माझी आखणी चांगली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तेच तर महागात पडलं.

“मगे ह्यो आता खेळणा नाय,” त्या म्हणाल्या. “ह्येका पोचवूक व्हयो.”

आमच्याकडे गणपतीला पाण्यात सोडणं म्हणजे पोचवणं. दीड दिवसानं गणपती पोचवायला देवळाच्या तळीवर गेलो. आरती झाली, गणपती गेला, आणि त्याच्यामागून सासूबाईंनी पदराखालून दात विचकणारा, पीतांबर नेसलेला एक गडी काढून डावीकडच्या पायरीवरून हळूच पाण्यात सोडला. वर दोन फुलंही टाकली. जांभळं लुगडं नेसल्या होत्या. लेक मोदक खात शेजारीच उभी होती.

मी सांगायची थांबले, तेव्हा कातणही थांबलेलं होतं.

लेक पिठाच्या हातांनी दारात आली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

“तीन वर्षं,” ती म्हणाली. “तीन वर्षं दर मे महिन्यात आजोळी जाऊन मी माकडांना दगड मारले, आई. एकाचा पाय लंगडा केला मी.”

“तो आधीपासूनच...”

“गप्प बस.”

मला तिनं आयुष्यात पहिल्यांदा गप्प बस म्हटलं होतं. मी बसले.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. “आजीला सांग, जेवायला वाढलंय.” “आजीला सांग, औषध घ्यायचंय.” नात आमच्यामध्ये टपाल वाहून दमली. मी तिला म्हटलं, जा, सांग आईला, माझं चुकलं. ती गेली आणि परत आली. “आई म्हणते, कळलं.” एवढंच. वर्षातून चार दिवस लेक येते. हे चार दिवस असेच जातात की काय, आणि पुढल्या वर्षी बेळगावात काहीतरी काम निघतं की काय, हे मनात घेऊन मी वाती वळत बसले. एका खेळण्यासाठी एवढं? पण खेळणं तिचं होतं, आणि खोटं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यासमोर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मातीचा गोळा आणून ठेवला. घरचा गणपती अजून मीच करते, त्यातली उरलेली चिकण माती.

“कर,” लेक म्हणाली.

“काय?”

“हिरवा. आणि शहाणपण नको.”

केला. नात मांडी घालून समोर, लेक उभी, आणि दोघी मुकादमासारख्या. “नाक जास्त फेंदारलेलं.” “डावी मूठ उघडी होती, तिच्यात तलवार बसायची.” “दात चार. पाच नाही, चार.” चाळीस वर्षांपूर्वी हरवलेल्या गड्याचे दात तिला मोजून आठवत होते. माती सुकायला तिसरा दिवस लागला. मग रंग. मी पोपटी कालवला. लेकीनं मान हलवली. “हा नाही.” केळीच्या पानासारखा कालवला. “हाही नाही. तळीच्या पायरीवर शेवाळ असतं ना, त्यावर ऊन पडल्यावर दिसतो, तो.” त्यात लिंबाचा पिवळा घातला, चिमूटभर पांढरा घातला, आणि ती एकदम म्हणाली, “बस!” माझा हात तिनं धरला होता.

दारातल्या माणसापर्यंत गेला पाहिजे, बाबा म्हणायचे. हा बराच लांब गेला होता.

जांभळी चड्डी झाली, नारिंगी पट्टा झाला, दात झाले. राहिले डोळे. तिघी एकमेकींकडे बघू लागलो.

“डोळे नाही काढायचे,” लेक म्हणाली. “खेळायचाय तो.”

“मग त्याला दिसणार कसं?” नातीनं विचारलं.

मी काळा रंग घेतला आणि त्याला गॉगल घातला. हरमलला किनाऱ्यावर पर्यटक घालून हिंडतात तसा, रुंद आणि माजोरडा. लेकीनं बघितलं, ओठ दाबून धरले, पण नाही जमलं तिला. भिंतीला टेकून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, हे तुझ्या आजोबांचं हसू आहे. थेट तेच.

गणपती पोचवायला गेलो तेव्हा ती डावीकडच्या पायरीवर उतरून वाकून बघत होती. मातीचे गणपती गेले विरघळून. जुना हिरवा मात्र प्लास्टिकचा. म्हणजे तो अजून खाली असणार, माझे प्रेमळ डोळे उघडे ठेवून, दात विचकत. मनात आलं, त्याच्या अंगावरचा माझा गुलाबी एव्हाना सुटला असेल आणि आतला हिरवा पुन्हा वर आला असेल.

“ए हिरव्या,” लेक पाण्याला म्हणाली, “माकडांची माफी कोण मागणार रे?”

“आजी मागेल,” नात म्हणाली. मी मे महिन्यात माहेरी जायचं कबूल केलंय. केळी घेऊन. लेक म्हणते, मीही येते, तू मागतेस की नाही ते बघायला.

मातीचा हिरवा जुन्या टॉवेलात गुंडाळून नातीनं बेळगावला नेला, लाल चड्डीवाल्याच्या शेजारी. दुपारी फोन आला.

“आजी, पोचला!”

“धडधाकट?”

“नाही, घाटात डावा हात मोडला. तलवारीचा.”

“मग आता?”

“आई म्हणते असू दे, बरं झालं. दुष्टच आहे तो.” मागून लेकीचा आवाज आला, “आजीला सांग, हात लावायला मी आणते त्याला मे महिन्यात. रंग सांभाळून ठेव म्हणावं.”

कालवलेल्या हिरव्या रंगाच्या बरणीला मी फडकं बांधून ठेवलंय.