जगनचं वजा चिन्ह

हिंगोलीच्या एका कॅड क्लासमध्ये, म्हणजे संगणकावर यंत्रं आखायला शिकवणाऱ्या वर्गात, धम्मानंद आणि जगन शिकवायला होते, आणि धम्मानंदला जगनचं काहीच बघवत नसे. दोघांचा डिप्लोमा एकाच वर्षीचा, नोकरीही एकाच महिन्यात लागलेली. पण पोरं अडली की जगनकडं जायची. लाइट गेली की जगनभोवतीच हशा पिकायचा, आणि धम्मानंद काळ्या पडद्याकडं बघत बसायचा.

दोन हजार सहा साली क्लासचे मालक उत्तमसिंग सर म्हणाले, "नांदेडला शाखा काढतोय. तुमच्यातला एक तिथं हेड. दोन चाकांचा, आपला तोल आपण सांभाळणारा रोबोट कॅडमध्ये, पडद्यावरच, चालवून दाखवा. मोटरला किती टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, लागतो त्याचा आलेखही पाहिजे. ज्याचा उभा राहील तो नांदेडला."

आपण, डोंगरकडा गावच्या जळबा गाडीवानाचं पोरगं, हेड! धम्मानंदनं मनातल्या मनात नांदेडला खोलीसुद्धा घेतली. पण त्याचा रोबोट सुरू केला की दाणकन तोंडावर आपटायचा. टॉर्क वाढवला तर आणखी जोरात.

"काहून पडून राहिलाय रे? दाखव बरं," जगन म्हणाला.

"तू तुझं बघ."

जगनचा उभा होता. धक्का दिला की जरा डुलायचा, पुन्हा सरळ. ते ऐटीत डुलणं बघून धम्मानंदच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका दुपारी जगन चहाला गेला तशी धम्मानंदनं त्याची फाइल उघडली. टॉर्कची रेघ तळाला चिकटून झोपलेली. म्हणजे मोटर काही करतच नव्हती! जड बॅटरी जगननं चाकांच्या आसाखाली टांगली होती. वजनच खाली, मग पडेल कसा? धम्मानंदला इतका आनंद झाला, की आपला रोबोट अजून पडतोय हेही तो विसरला. त्यानंतरचे दिवस त्यानं जगनचा पचका कसा होईल हे रंगवण्यातच घालवले.

दाखवायच्या दिवशी जगनचा रोबोट डुलू लागला तसा धम्मानंद म्हणाला, "सर, याची मोटर काढून बघा."

सरांनी मोटर काढली. रोबोट तसाच उभा.

जगन खो खो हसला. "सापडलो की! सर, आमच्या तांड्यातले पणजे बैलाच्या दोन्ही अंगाला गोण्या टांगायचे. वझं खाली लोंबलं की बराबर राहते. मीबी तसंच केलं."

"हा रोबोट न्हाई, पाळणा झाला," सर म्हणाले. "धम्मानंद, तुझा लाव."

धम्मानंदचे कान तापले. त्यानं लावला. दाणकन.

जगन खुर्ची ओढत जवळ आला. "आता तरी दाखवशील?" त्यानं टॉर्कचं सूत्र वाचलं. "हा पुढं झुकला की तू चाक मागं पळवतोस. काहून?"

"गाडी मागं जड होऊन उलाळ झाली की माझा बाप पुढं जुवावर लटकायचा. पडतंय त्याच्या उलटा जोर द्यायचा असतो."

"अरे, ते बापाचं बराबर. पण इथं चाकच पळून राहिलंय ना! तळहातावर काठी उभी धरली अन् ती कलली, तर हात कुकडं नेतोस? तिकडंच ना?" बोलता बोलता जगननं कंसाच्या आधी वजाचं चिन्ह टाकलं.

रोबोट झुकला. चाकं झटकन त्याच्या खाली धावली, आणि तो सरळ उभा राहिला. आलेखात टॉर्क उसळला, मग हळूहळू शांत झाला.

"मांडणी सगळी धम्मानंदची," सर म्हणाले. "नांदेडला तोच."

"पेढे आण, गड्या!" जगननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझी तर नुसती एक आडवी रेघ."

हरला होता, तरी हसत होता. धम्मानंदला हेड झाल्यापेक्षा ते हसणंच जास्त लागलं.

नांदेडला गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं ती फाइल उघडली. मोटरच्या दिशेचा बाण उलटा केला आणि आता गरज न उरलेलं, जगनचं ते कंसाआधीचं वजा पुसून टाकलं. रोबोट पूर्वीसारखाच उभा राहिला.

"सर, हे कुणी बनवलं?" मागून एका पोरीनं विचारलं.

"मी," धम्मानंद म्हणाला, आणि रोबोट झुकला तशी त्याची नजर कंसाआधीच्या त्या रिकाम्या जागेवर गेली.