नामाच्या घरचा नारळ

परशुराम कोळी डॉक्टर झाला तेव्हा ठाण्याच्या कोळीवाड्यात पहिले पंधरा दिवस लोक त्याला गुडघे दाखवायला येत होते. आवडाबाई, म्हणजे त्याची आई, दारातूनच परतवायची. "अगो, माजा पोर सुई टोचनारा डाक्टर नाय, अणूचा डाक्टर हाय." अणू म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण अख्खा रावस तोलून दाखवावा तसा ती तो शब्द उच्चारायची.

गंमत म्हणजे पुढे परशुरामची सगळी नोकरी एका सुईवरच उभी राहिली. खाडीपलीकडच्या एका संशोधन संस्थेत तो एक्याऐंशी साली लागला. शहाऐंशीत त्याने सूक्ष्मदर्शक बांधायला घेतला. त्याला भिंगच नव्हतं. एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाला न चिकटता त्याच्यावरून फिरवायची, मधल्या फटीतून निसटणारी वीज मोजायची, आणि त्या आकड्यांवरून पडद्यावर चित्र काढायचं. चित्रात अणू दिसायचे. बाहेरून यंत्र आणायला परवानग्या मिळेनात, म्हणून सांगाडा वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून कातून घेतला. हादरे बसू नयेत म्हणून खाली कडप्पा, आणि कडप्प्याखाली स्कूटरच्या ट्यूबा. तरी रस्त्याने ट्रक गेला की पडद्यावरचे अणू वरातीतल्यासारखे नाचायचे.

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्याची बायको मालू लोकांना सांगायची, "आमचे हे दिवसभर सेलोटेप लावतात आणि काढतात. त्याचा पगार मिळतो." खोटं नव्हतं ते. ग्रॅफाइटच्या तुकड्यावर सेलोटेप दाबायची आणि खस्सकन ओढायची, की खाली कोरा करकरीत पापुद्रा उघडा पडतो. त्याच्यावर हवा तो द्राव टाकायचा आणि बघायचं.

एक्याण्णवच्या मे महिन्यात त्याने असाच एक थेंब टाकला आणि पडद्यावर तार उमटली. रेणूमागे रेणू, सारख्या अंतरावर, हलका पीळ देऊन बसलेली माळ. अशा एका माळेतून वीज नेता आली तर अणूंच्या मापाची मंडळं बांधता येतील, या आशेवर जगात शंभर जण जागले असतील. परशुरामने दोन आठवड्यांत लेख पाठवला, आणि तो छापूनही आला. संचालकांनी जीभ टाळूला लावत, एकेक अक्षर सुटं करून शाबासकी दिली, "उत्तम. अत्युत्तम. पण हुरळून जायचं नाही हं." आणि स्वतःच हुरळून वर्तमानपत्राला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बातमी आली. कोळीवाड्याच्या जमातीने, म्हणजे तिथल्या पंचायतीने, ती कापून, फ्रेम करून कचेरीत टांगली.

तिथवर सगळं ठीक होतं. मग जमातीने मान द्यायचा ठरवला.

नारळी पौर्णिमेला मिरवणुकीने नेऊन खाडीला नारळ सोडायचा मान कोळीवाड्यात घरोघर फिरतो. एकवीस घरं, दर वर्षी एक. त्या वर्षी घर नामाचं होतं. नामा साठी ओलांडलेला. मागल्या खेपेला त्याचं घर आलं तेव्हा बाप होता, आणि मान बापाने घेतला होता. जमातीचे पाटील भिवाजी घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नसत. ते खाकरून म्हणाले की या वर्षी आपल्या डॉक्टरने नारळ सोडला तर शोभेल, पण क्रम मोडतो, तेव्हा नामाने सांगावं. नामाने विचारसुद्धा केला नाही. म्हणाला, "परश्या सोडील. मना चाललं." आणि त्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकला.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी कलावती नावाची विद्यार्थिनी परशुरामच्या टेबलाशी आली. मोहने गावची मुलगी, बोलायला भित्री, कामात चोख. तिने फक्त सेलोटेप ओढली होती. थेंब टाकलाच नव्हता.

"सर, नुसता ग्रॅफाइट आहे," ती म्हणाली.

पडद्यावर तीच माळ होती. तेच अंतर, तोच पीळ. पापुद्रा ओढताना ग्रॅफाइटच्या पायऱ्या कधीकधी अशा मोडतात, एवढंच होतं ते. रेणू नव्हते, तार नव्हती. कोऱ्या पापुद्र्यावर आधी एकदा नीट बघून घ्यायचं, हे तो स्वतः पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत असे. मे महिन्यात त्याने ते केलं नव्हतं. घाई होती.

"यंत्र सरकतंय. परत कर," तो म्हणाला. कलावतीने मान खाली घातली. यंत्र सरकत नव्हतं हे दोघांनाही दिसत होतं.

त्या संध्याकाळी तो भिवाजी पाटलांकडे गेला, सांगायचंच असं ठरवून. पाटील फोनवर होते, फोटोग्राफरला वेळ सांगत होते. बोलता बोलता त्यांनी नवी लाल टोपी परशुरामच्या डोक्यावर ठेवली, मागे सरून बघितली आणि फोनवरच म्हणाले, "बसली." परशुराम टोपी घालून पाच मिनिटं तसाच उभा राहिला आणि मग टोपी घेऊन घरी आला.

पौर्णिमेला बँड होता, बाया नऊवारीत होत्या, होड्यांना पताका होत्या. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ परशुरामच्या हातात, आणि पुढे नवा शर्ट घालून नामा नाचतोय. बंदराच्या पायऱ्यांवर नामा थांबला, धापा टाकत त्याच्या कानाशी आला.

"एक सांग. ती तार कवरी बारीक हाय?"

बँड जरा थांबला होता. परशुरामला एक शब्द पुरला असता. त्याने सवयीप्रमाणे आधी चष्मा वर सरकवला.

"केस घ्या. त्याचे… लाख भाग करा. त्यातला एक."

"लाख," नामा म्हणाला आणि पाठीमागच्यांना ओरडून सांगायला वळला. परशुरामने नारळ सोडला. ओहोटी लागली होती. नारळ सरळ निघून गेला.

ऑक्टोबरात त्याने लेख मागे घेतला. पत्रात चूक कुणी पकडली ते लिहिलं, कलावतीचं नाव पूर्ण घातलं. नियतकालिकाने दोन ओळी छापल्या. संचालक म्हणाले, "होतं असं. कोण वाचतंय." शास्त्राच्या जगाने त्याला महिन्याभरात माफ केलं, आणि हे त्याला फार लागलं. कुणीतरी झापायला हवं होतं. कोळीवाड्यात ना पत्र पोचलं ना त्या दोन ओळी. तिथे फ्रेम टांगलेलीच.

त्यानंतर तो बंदराच्या अंगाने जाईना. आईला भेटायचं तर मागच्या गल्लीने यायचा, तासाभरात निघायचा. तीन पौर्णिमा त्याला ऐनवेळी ताप आला. मालू म्हणायची, "तुमचा ताप कॅलेंडर बघून येतो."

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीत खोदकाम निघालं आणि त्याला बंदरावरून जावं लागलं. जाळ्याच्या ढिगाजवळ नामा बसला होता, भोवती सात-आठ पोरं. परशुराम होडीआड थांबला. डोळ्यांवर नसलेला चष्मा नामा बोटाने वर सरकवत होता.

"केस घ्या," नामा म्हणाला. आवाज परशुरामचा होता. शाळेत जाऊन सरळ केलेला, किंचित नाकातला. "त्याचे…" मधला तो श्वाससुद्धा तस्साच. "लाख भाग करा. त्यातला एक." पोरं हसली आणि पुन्हा सांगा म्हणाली. नामाने पुन्हा सांगितलं.

आपलं खोटं इतकं हुबेहूब दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ फार थोड्यांवर येत असेल. पोरं पांगेपर्यंत परशुराम तिथेच राहिला. मग नामासमोर जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. सेलोटेप, पापुद्रा, मोडलेल्या पायऱ्या. नामाने जाळ्यातून काटकी काढली, दुसरी काढली.

"नारल सोडलास तवा तुला ठावं व्हता?"

"हो. चार दिवस आधी कळलेलं."

नामाचे हात थांबले. चूक त्याने ऐकून घेतली होती, हे मात्र वर्मी बसलं. "मना सांगायचा. तुजा नाव बी नसता घेतला. बोललो असतो, माज्या बायकोचा हट्ट हाय, मीच सोडतो."

त्या रविवारी जमातीच्या बैठकीत परशुराम उभा राहिला. हे पुन्हा सांगताना पहिल्यापेक्षा जास्त जीभ अडखळली. शेवटी त्याने विनंती केली की येत्या पौर्णिमेचा मान नामाकाकांना द्यावा. भिवाजी पाटील बराच वेळ खाकरत राहिले.

"यंदा घर दगडूचं," ते म्हणाले. "क्रम एकदा मोडला, तो कसा मोडला ते आता ऐकलं. परत नाही मोडणार." नामाचं घर आता पुढच्या फेरीला. वर्षं कुणी मोजून दाखवली नाहीत. नामाच आधी म्हणाला, "बरोबर हाय." दगडू जमिनीकडे बघत होता.

परशुरामने भिंतीवरचं कात्रण काढायची परवानगी मागितली. पाटलांनी खिळ्यावरून फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा सोडवला, कात्रण त्याच्या हातात दिलं आणि फ्रेम स्वतःकडे ठेवली. "ही जमातीची."

बाहेर पायऱ्यांवर नामा चपला शोधत होता. परशुराम शेजारी उभा राहिला. माफी मागून झाली होती.

"पोरं उद्या बी इचारतील," नामा म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

"सांगा, परश्या खोटं बोलला."

"ते सांगीनच." नामाने चपलेत पाय घातला आणि चालायला लागला. "तुज्याच आवाजात सांगीन."