गाव उठलं, मारुती मागून आला

गिरणीत बसलं की भुवयांवर पीठ साचतं. मुद्दाम कोणी टाकत नाही. किस्स्यांचंही तसंच! पूर्णेकाठच्या धामणखेड्यात माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत माणूस गप्प कसा बसणार? त्यात दोन पर्मनंट मेंबर. एक माझे शेजारी नामदेवकाका, शेतकरी. दुसरे सलीमभाई टेलर, त्यांचं दुकान गिरणीला लागूनच. आमच्या गावाचा अख्खा इतिहास-भूगोल या दोघांच्या जिभेवर.

* * *

आमचा पट्टा खारपाणाचा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच! एकदा पुण्याचे एक साहेब पाणी तपासायला आले. काकांनी त्यांना चहा पाजला. पहिल्याच घोटाला साहेब थबकले.

"तुम्ही चहात मीठ टाकता का हो?"

सलीमभाई म्हणाले, "नाही साहेब, आमी मिठात चहा टाकतो!"

* * *

आमची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते, की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. एकदा मी काकांसोबत त्यांच्या वावरात गेलो होतो; काका वाकले आणि खिशातला मोबाइल थेट भेगेत! आम्ही दोघं काठ्या घेऊन पालथे पडलो. तेवढ्यात जमिनीच्या पोटातून रिंग वाजायला लागली. घरून कमलकाकूंचा फोन!

मी घाईघाईनं काठी खुपसायला लागलो, तर काकांनी माझा हात धरला.

"वाजू दे बाप्पा. तिचा फोन न उचलाले आज पह्यल्यांदा खरं कारण भेटलं!"

* * *

शाळेत नवीन बाई आल्या होत्या. गहू दळायला आल्या आणि सहज विचारून बसल्या, "या गावात आधी कोण राहायला आलं?"

झालं!

शेजारच्या दुकानातून सलीमभाई शिलाई मशीन सोडून उठले. "आमचे परदादा बाळापूरहून आले, बाई. इथं टेलरिंगचं दुकान टाकलं. तवा इथं निरं जंगल होतं. एक मानूस नव्हता!"

काका शांतपणे म्हणाले, "मानूस नव्हता, तं कपडे कोनाचे शिवत होते बे? रानडुकराचे?"

* * *

पुढं नदीवर बॅरेज आलं. आमचं गाव बुडीतात गेलं आणि आम्ही वरच्या माळावर, नव्या प्लॉटांत. मोबाइलच्या मॅपला मात्र हे कोणी सांगितलंच नाही!

काकांच्या पुतणीला पाहायला अकोल्याहून पाहुणे निघाले. इकडं पोहे थंड झाले, पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी मुलाच्या बापाचा फोन आला. "अहो, आम्ही पाण्याच्या काठावर उभे आहोत. मॅप म्हणून राहिला, सरळ जा!"

काकांनी विचारलं, "पोराले पोहता येते का?"

"नाही."

"मंग मागं फिरा. पोहे गरम करतो!"

* * *

आणि मारुतीचं.

गाव उठलं तेव्हा कमलकाकू रडल्या नाहीत. घराच्या दारांच्या चौकटी उपसल्या, ट्रॅक्टरवर टाकल्या आणि स्वतःही त्यांच्यावर चढून बसल्या. सगळी घरं हलली. सगळ्यात शेवटी वेशीवरचा मारुती क्रेननं माळावर आणला. दगड पट्ट्यांत बांधलेला, हवेत हळूहळू गोल फिरतोय आणि खाली सगळे पुरुष भांडताहेत, की तोंड कुठं करायचं?

कोणी म्हणे दक्षिणेला. कोणी म्हणे रस्त्याकडं. काका म्हणाले, "गावाकडं पाहिजे. नव्या गावाकडं! त्यानं गावावर लक्ष ठेवाले पाहिजे ना?"

क्रेनचा ड्रायव्हर वरून ओरडला, "लवकर सांगा ना भाऊ, डिझेल जळून राहिलं!"

कमलकाकू गर्दीतून पुढं आल्या. मारुतीकडं पाहिलं. मग काकांकडं.

"आमच्याकडं पाहून त्यानं कोनतं भलं केलं? बुडालोच ना!" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "जुन्या गावाकडं तोंड करा त्याचं. तिथं आता पाहाले कोनी नाही."

भांडण थांबलं. ड्रायव्हरनं क्रेन फिरवली.