कावळा शिवेना, पोरं ताटकळली

बायांनो, हसून हसून पोट दुखतंय, ऐका.

मी अनाथाश्रमात स्वयंपाक करते, ठावं हाय ना? आज एका शेठनं बापाच्या श्राद्धाचं जेवण पोरांना दिलं. वर्षातनं एकदाच देतो. भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं. तो शिवल्याबिगर पोरांना घास नाय. खीर निवायला लागली, अन् कावळा लिंबावर बसून नुसता बघतोय!

बापाची काही इच्छा राहिली असंल, म्हणून शेठ म्हणाला, "बाबा, काशीला जाईन." कावळा हलेना.

मी पानाशेजारीच उभी. म्हटलं, "शेठ, म्हातारे खाण्याचे लय शौकीन. दर अमावास्येला पोरांना असंच जेवण घालीन म्हणा."

"दर अमावास्येला? आक्का, जरा कमी सांगा की!"

"मी कोण सांगणारी? त्यांनाच इचारा."

तेवढ्यात धाकटी सखू भुकेनं रडायला लागली. शेठनं घाम पुसला. "बरं बाबा, दर अमावास्येला!"

मी हळूच बाजूला सरले. कावळा झपकन आला अन् वडा घेऊन गेला. शेठच्या डोळ्यांत पाणी, "बाबा पावले!"

आता मी पानाला खेटून उभी असताना कावळा येतोय कशाला? पण डोईवर पदर घेतलेल्या विधवेवर संशय कोण घेतो?

अमावास्येला वाढायला या गं. पाप लागलंच, तर वाटून घ्याल ना?