वायाळ सरांच्या वर्गातला माठ

वायाळ सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांचे जुने विद्यार्थी हा अंक काढत आहेत. त्यातला एक जण माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आजी, गोड गोड लिहा." माझ्या घरात गोडानं काय केलं ते त्याला माहीत नसावं. मी जसं झालं तसं लिहिणार आहे.

टेंभुर्णीच्या पलीकडं आमचं लहान गाव. सर आमच्या शाळेत पाचवीला शिकवायचे. माझा नातू सोमनाथ त्यांच्या वर्गात होता. एका दुपारी मी शेतातून चाऱ्याचा भारा घेऊन येत होते, तर सोमनाथ शाळेच्या ओट्याखाली उन्हात उभा. भारा तिथंच टाकला आणि वर्गाच्या दारात गेले.

"मास्तर, पोराला वाळत घातलं का?"

"आजी, हा घडीघडी पाण्याला पळतो. आलं की पुन्हा लघवीला. याला वर्गात बसायचंच नाही."

"उष्णता हाय त्याला."

"मग घरी औषध करा. वर्गाला शिस्त पाहिजे."

सर तेव्हा कडक होते. मी दोन शब्द जास्तच बोलले, त्यांनी ऐकून घेतले, पण पोराला आत घेतलं ते तास संपल्यावरच.

घरी आम्ही औषध केलं. आमच्याकडं पोराला तहान सुटली, लघवी वाढली, अंग वाळू लागलं की त्याला उष्णता म्हणतात. उष्णतेवर खडीसाखरेचं पाणी, सब्जा, गुलकंद. घनसावंगीचे पाहुणे आले तर उसाचा रस घेऊन आले. सारी गल्ली हेच सांगत होती आणि सुनेनं, मी, सगळ्यांनी ते बराबर केलं. पोरगं आणखी वाळलं. मंग उलट्या लागल्या, धाप लागली. जालन्याला नेताना जीपमध्येच गेलं. कशानं गेलं ते कुणी सांगितलं नाही. उष्णता डोक्यात चढली म्हणाले, आणि आम्ही ते मानलं.

दहाव्याला सर आले. दारात उभे राहिले. चहाही न घेता गेले. मला वाटलं, शिष्टाचार म्हणून आले असतील.

सरांचं शिकवणं कसं होतं हे माझ्यापेक्षा त्यांचे विद्यार्थी चांगलं लिहितील. मी ओट्यावर बसून पाहिलं तेवढंच सांगते. ते पोरांच्या हातात वस्तू द्यायचे. वजन शिकवायचं तर दुकानातला तराजू आणायचे आणि कापूस आणि दगड त्यात टाकायचे. सावली मोजायला पोरांना अंगणात उभं करायचे. एकदा शाळेची मोरी तुंबली तर स्वतः बांबू घालून मोकळी केली आणि हात धुऊन भूगोल शिकवला. माझ्या डोळ्यांदेखत हे सगळं झालं, म्हणून लिहिते. ऐकीव एकही नाही.

सोमनाथनंतर काही वर्षांनी त्याची धाकटी बहीण कोमल त्याच सरांच्या वर्गात आली. पालकसभेचा दिवस होता. सरांना पोरांना तक्ता काढायला शिकवायचं होतं, कुणाला काय आवडतं ते मोजून फळ्यावर उभ्या रेघा काढायच्या. पोरांचं भांडण रोजचंच असायचं, थंड पेय कोणतं भारी, काळं का नारंगी का लिंबाचं. सरांनी टेंभुर्णीच्या बाजारातून सगळ्या बाटल्या आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कागदी पेल्यांत ओतल्या. एका पेल्यात घरचं लिंबू सरबत. काळं रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यांवर रुमाल. एक घोट घ्यायचा, पाण्यानं चूळ भरायची, दुसरा घोट घ्यायचा आणि कोणता आवडला ते सांगायचं.

"सर, मी वासावरून सांगतो काळं कोणतं!" एक जण ओरडला.

"सांग की. आधी रुमाल बांध."

त्यानं नारंगीला काळं म्हटलं. वर्ग हसून लोळायला लागला. "अबे, तू तर म्हनत होता काळ्याशिवाय घशाखाली उतरत न्हाई!"

सर माझ्याकडं पेला घेऊन आले. "आजी, तुम्हीपण घ्या."

"मला नको. ढेकरा येतात. तुमच्या फळ्यावर ढेकरांची रेघ काढा."

सर हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

कोमलची पाळी आली. तिनं एक घोट घेतला नाही, पेलाच रिकामा केला. मंग दुसरा, मंग तिसरा. चूळ भरायचं पाणीही गटागटा पिऊन गेली. शेजारणीचं चूळ भरायच्या पाण्याचं भांडंही चाचपून उचललं.

"कोमल हावरी! सर, हिला सगळेच आवडले!"

सरांच्या हातात खडू होता. फळ्यावर रेघा अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी रुमाल सोडून विचारलं, "कोमल, कोणतं आवडलं?"

"कोणतंच न्हाई सर. तहान लागली."

सरांनी खडू खाली ठेवला. पोरं हसत राहिली. सर तिच्याकडं पाहत राहिले, मनगटाकडं, गळ्याच्या हाडाकडं. मंग बाहेर ओट्यावर माझ्याकडं आले.

"आजी, ही रात्री उठते का?"

"उठते. उष्णता हाय. खडीसाखर देऊन राह्यलो."

"मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागतात?"

लागत होत्या. सोमनाथच्या वेळेलाही लागल्या होत्या.

"चला," सर म्हणाले. "आत्ता. जल्दी."

जीप त्यांनीच सांगितली. जालन्यातल्या डॉक्टरांनी तिचं बोट टोचलं तर त्यांच्या यंत्रात आकडाच येईना, इतकी साखर रक्तात. आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर भावाच्या मागं गेली असती, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. भाऊ कशानं गेला ते मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्याच्या बाकावर सर माझ्याशेजारी बसले होते.

"आजी, त्या पोराला मी उन्हात उभं केलं होतं."

"माहीत हाय मला. मीच भांडायला आले होते."

"मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं. आम्हालाबी."

त्यावर मी 'जाऊ द्या सर' म्हणाले नाही. आजही म्हणत नाही. सरांनीही ते कधी मागितलं नाही, आणि त्या माणसाबद्दल मला खरा आदर वाटू लागला तो तिथून.

कोमलला रोज सुई लागते, जन्मभर लागणार. सुरुवातीला सुनेला सुई टोचायचं धाडस होईना, बापाला बघवत नसे. सर डॉक्टरांकडून शिकून आले आणि शाळेत खिचडीच्या आधी स्वतः सुई द्यायचे. शाळेत फ्रिज नाही. त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात औषध ठेवलं, आणि त्याच्याशेजारी पाण्याचा माठ. पाण्याला जायचं तर कुणी हात वर करायचा नाही, उठायचं आणि प्यायचं. तो माठ सर रोज सकाळी स्वतः भरायचे. कोणतं पेय जिंकलं ते मात्र आजवर कुणाला ठाऊक नाही. फळा दुसऱ्या दिवशी पुसला आणि तो खेळ सरांनी पुन्हा घेतला नाही.

सगळं चांगलं झालं असं कुणी समजू नये. कोमल दहावीला आहे, टेंभुर्णीला जाते. बायका माझ्यासमोरच विचारतात, हिला कोण करून घेणार? ती ऐकते आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचते. शाळेत पोरं उरली नाहीत, सरांची खोली बंद असते. सर निवृत्त होऊन जुन्या जालन्यात राहतात, बायको वारल्यापासून एकटेच. गुडघे धरले आहेत. तरी महिन्याकाठी बसनं येतात, कोमलची साखरेच्या आकड्यांची वही पाहतात आणि निघून जातात.

अंकवाल्या पोरानं हे वाचलं तर म्हणाला, "आजी, उन्हात उभं केल्याचं वगळू या." मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "सोमनाथला उन्हात उभं केल्याचं लिहिणार असाल तरच आजी, बाकीचं छापा." म्हणून आहे ते आहे.

सर, तुम्हाला आयुष्य मोठं मिळो, हे सगळेच म्हणतील. मी वयानं मोठी आहे, मला माहीत आहे मोठं आयुष्य कसं असतं. म्हणून एवढंच मागते. गुडघे चालत राहोत. घरात एकटे असाल तरी शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या पायानं माठापर्यंत जाता यावं, आपल्या हातानं पाणी घेता यावं. त्यासाठी तुम्हाला कुणापुढं हात वर करावा लागू नये.