सिस्टरांच्या गालावरची हळद

"हात खाली."

पेशंटचा हात गालाकडे निघायच्या आत आमच्या सिस्टरांनी त्याचं मनगट धरलेलं असायचं. घारीलाही पिल्लू उचलायला याहून जास्त वेळ लागतो. जालन्यात मस्तगडच्या त्या कातडीच्या दवाखान्यात मी नंबर लावायला बसायचो. सिस्टरांनी भिंतीकडे तोंड करून पाठीमागच्या माणसाचा हात धरलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. खोटं वाटत असेल तर राहू द्या.

मुरमांचे खड्डे घालवायला लेझर केलं की चेहरा सोललेल्या टोमॅटोसारखा होतो. त्यावर मलम, आणि आदल्या दिवसापासून गोळ्या. ओठावर उठणारी तापाची पुळी त्या उघड्या कातडीवर पसरू नये म्हणून. लोक विचारायचे, पुळीच न्हाई तर गोळी कशाला? सिस्टर म्हणायच्या, "डुकरं रान खाऊन गेल्यावर काट्या लावता का?"

वडीगोद्रीच्या एका पोरीचं लेझर झालं आणि पाचव्याच दिवशी घरात भावाची हळद निघाली. सकाळी तिचा फोन आला. ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या येऊन राह्यल्या होत्या. गोळ्या? पुळी न्हाई म्हणून तिनं परवाच बंद केल्या होत्या. सिस्टरांनी फोन कानाला धरूनच डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा, पसरलं तर जन्माचे व्रण राहतील. परत फोन लावला तर बँडच्या आवाजात कोण उचलतंय?

माझी मोटरसायकल त्या दिवशी वडीगोद्रीपर्यंत जमिनीला टेकलीच नाही. मागून सिस्टर एवढंच म्हणत होत्या, "जल्दी, भाऊ."

मांडवात पोरगी मधोमध बसलेली. करवलीला पहिली हळद लावायला आत्या मूठ भरून वाकली होती. गालापासून तीन बोटं राहिली आणि तिचं मनगट हवेतच थांबलं.

"हात खाली, आत्याबाई."

बँड बंद पडला. आत्या म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांच्या जखमा हळदीनं बऱ्या झाल्या. तू कोण?"

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. "बोट कापलं असतं तर मीच लावली असती. हे लेकराचं तोंड हाय. आज बिघडलं तर पुन्हा बराबर व्हायचं न्हाई."

आत्यानं पोरीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातात हळद घेतली आणि सिस्टरांच्याच दोन्ही गालांना फासली. "करवलीचा मान मोकळा जात न्हाई," म्हणाली. सिस्टरांनी पुसली नाही. तशाच पिवळ्या तोंडानं पोरीला मध्ये बसवून जालन्याला आल्या.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी मोहरीएवढी पुळी उठलीच. चार दिवस पोरगी रोज यायची, सिस्टर श्वास रोखून बघायच्या, आणि दवाखान्यातला पंखासुद्धा हळू फिरायचा. पुळी होती तिथंच वाळली. गुलाबी कातडी धरली.

सिस्टर नोकरी सोडून लेकीकडे निघाल्या त्या दिवशी ती पोरगी आल्ती. खड्डे दिसायचे, पण शोधावे लागायचे. सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि हातमोजा न घालता तिच्या गालावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

त्यांना "हात खाली" म्हणायची छाती दवाखान्यात कुणाची होती?